पानाची चादर

टाकवे बुद्रुकच्या रेणुकाने आयुष्यात दोनच चुका केल्या, असं तिची आई चंपा सांगते. पहिली, बारावीनंतर नर्सिंगचा फॉर्म सोडून चित्रकलेचा भरला. दुसरी, चादरीवरचा डाग झाकला आणि कोपऱ्यातलं पान तेवढं उघडं ठेवलं. पहिली चूक चंपाने कधीच पोटात घातली. दुसरीबद्दल ती अजून अधूनमधून बोलते, पण हसत.

तर ती चादर. लोणावळ्यात 'श्रावणधारा' नावाचा बंगला आहे. मालकीणबाई राहतात मुंबईला, आणि बंगला शनिवार-रविवारी पाहुण्यांना भाड्याने जातो. चंपा तिथे सहा वर्षं झाडूपोछा आणि धुणं करत होती. सकाळी वडापच्या जीपने कामशेत, तिथून गाडीने लोणावळा. सोबत गावातल्या आणखी दहा जणी, प्रत्येकीचा बंगला वेगळा. या बायका मालकिणींना बंगल्याच्याच नावाने ओळखतात. 'आज श्रावणधारा लय तापली व्हती,' असं एखादी म्हणाली, की बाकीच्यांना पुढचं सांगावं लागत नाही.

दिवाळीला या सगळ्यांना मिठाईचा एक डबा मिळतो, आणि डब्याखाली घडी घातलेली एक चादर. चादर पांढरीशुभ्र, जाड, भारी सुताची, आणि डागाळलेली. कोणा पाहुणीची मेंदी लागलेली, कुठे इस्त्रीने करपलेली, कुठे कॉफी सांडलेली. पाहुण्यांच्या पलंगावर आता घालता येत नाही आणि फेकूनही देववत नाही, अशा चादरीला त्या घरांत 'गिफ्ट' म्हणतात. बायका मुकाट्याने घेतात. कोणी गोधडीला अस्तर लावते, कोणी भाताच्या राशीवर पांघरते, कोणी न्हाणीला पडदा करते. डागाबद्दल कोणी काही बोलत नाही. देणारीही नाही आणि घेणारीही नाही.

चंपाला मिळालेल्या एका चादरीवर लाल दारू सांडली होती. बरोबर मधोमध, ताटाएवढा डाग. चंपाने सोडा, लिंबू, रिठे, सगळं करून पाहिलं. डाग फिका झाला, गेला नाही. मग रेणुकाने ती चादर मागून घेतली, फेविकॉल लावून प्लायवर ताणून बसवली आणि तिच्यावर आईचं चित्र काढलं. पुरुषभर उंचीचं, छातीपासून वरचं, समोर बघणारं. उन्हाळ्यात भाताच्या वाफ्यावर पालापाचोळा जाळून राब भाजतात, त्यातला कोळसा वाटून, डिंकात घोटून तिने काळा रंग केला. असला काळा दुकानात मिळत नाही, असं ती म्हणायची आणि ते खरंच होतं.

आता ती चूक. डाग दिसला तर लोक म्हणतील, पोरीने उष्ट्या चादरीवर चित्र काढलंय. एवढं शिकूनही रेणुकाला ही लाज वाटली, आणि तिने लपवायची गोष्ट लपवली. डागावर खडूची भुकटी आणि फेविकॉलचा जाड थर दिला आणि नेमका तिथेच आईचा चेहरा घेतला. खालच्या कोपऱ्यात मात्र हिरव्या धाग्याने भरलेलं एक नाजूक पान होतं, श्रावणधाराची खूण. ते तिला गोड वाटलं म्हणून ठेवलं. गरिबाघरची पोर डाग झाकते आणि भरतकाम दाखवते. यात तिचं काय चुकलं? आणि तेच नडलं.

डिसेंबरात, भातकापणी उरकल्यावर, मावळातल्या चौदा पोरापोरींनी मिळून प्रदर्शन भरवलं. जागा म्हणजे लोणावळ्यातलं चिक्कीचं जुनं गोदाम. सुहास सरांनी, म्हणजे निवृत्त झालेल्या चित्रकलेच्या मास्तरांनी, खटपट करून ते सगळ्यांसाठी खुलं दालन केलं होतं. भिंतींना चुना लागला तरी गुळाचा वास गेला नव्हता, आणि मुंग्यांना तर अजून कोणी कळवलंच नव्हतं की चिक्की बंद झाली. कामशेतच्या माज नावाच्या पोराने गॅरेजमधल्या साखळ्या नि बेअरिंगांचे बैल केले होते. त्यांच्या शिंगांवरून मुंग्या रांगेने चालल्या होत्या आणि तो प्रत्येकाला सांगत होता की हे मुद्दामच आहे.

शनिवारी चार वाजता दार उघडलं. पहिल्या अर्ध्या तासातच श्रावणधाराच्या मॅडम आल्या. त्या येणारच होत्या, कारण दालनातले दिवे त्यांनी दिले होते आणि दारावर तशी पाटीही होती. त्यांनी बैलांचं कौतुक केलं, धबधब्यांची दोन चित्रं बाजूला काढून ठेवायला सांगितली, आणि चंपाच्या चित्रासमोर येऊन थांबल्या. रेणुकाचा जीव सुपाएवढा झाला. मॅडम चेहऱ्याकडे बघतच नव्हत्या. त्या वाकल्या आणि कोपऱ्यातल्या पानावर त्यांनी बोट ठेवलं.

"ही चादर माझी आहे."

"हो मॅडम," रेणुका म्हणाली. "तुम्हीच आईला दिली होती. दोन दिवाळ्यांमागे."

"मी? चांगली चादर मी कशाला देईन? दिवाळीला मी मिठाई देते." मॅडमचा आवाज चढला नव्हता, हे जास्त वाईट होतं. "आमच्या चादरी कमी होतायत हे मला माहीत होतं. कुठे जातायत ते आज कळलं."

"डाग होता तिच्यावर. दारूचा."

"कुठंय डाग? दाखव."

रेणुकाने चित्राकडे पाहिलं. डाग आईच्या चेहऱ्याखाली होता. मागून दिसायची सोय नव्हती, मागे प्लाय होता. दाखवायचा तर चेहरा खरवडायला हवा होता, आणि हे तिथे फक्त तिला एकटीलाच कळत होतं. डाग चेहऱ्याखाली आहे असं तिने सांगितलं, तेव्हा मॅडम किंचित हसल्या.

"सोयीचा आहे डाग," त्या म्हणाल्या. "सर, उद्या अकराला मी माझे पाहुणे घेऊन येतेय. तोवर एक तर मला तो डाग दिसला पाहिजे, नाही तर हे चित्र उतरलेलं दिसलं पाहिजे. नाही तर मी तक्रार देईन. चंपाच्या नावाने."

त्या गेल्यावर सुहास सरांनी चष्मा पुसला. माणूस वाईट नव्हता, पण आयुष्यभर हेडमास्तरांना घाबरून त्यांची पाठ वाकली ती वाकलीच. "रेणुका, चित्र काय, पुन्हा होईल," ते म्हणाले. "थोडंसं खरवड. नुसता गाल. आईवरचा आळ तरी जाईल."

माज चिडून पुढे झाला. "सर, गाल तुमचा असता तर?"

"तू गप रे. तक्रार झाली तर हिची आई कुठे फिरेल या वयात?"

हेच रेणुकाला छळत होतं. चित्र उतरवलं तर आई चोर ठरणार. खरवडलं तर आई सुटणार, पण भिंतीवर चेहरा नसलेली एक बाई उरणार. चार महिने त्या चेहऱ्यावर गेले होते. तरी तिने माजच्या पेटीतून पातं काढलं. चित्रापेक्षा आई मोठी, यात विचार करण्यासारखं काय होतं? तिने पातं डाव्या गालावर टेकवलं.

"काय करतीयास गं?"

दारात चंपा उभी होती. श्रावणधाराचं काम उरकून, नेसूची साडी बदलून, केसांत अबोली माळून लेकीचं चित्र बघायला आली होती. चित्र तिने अजून पाहिलेलंच नव्हतं. रेणुकाला रडू फुटलं. माजनेच सगळं सांगितलं, एका दमात, मॅडमच्या आवाजाची नक्कल करून.

चंपाने ऐकून घेतलं. मग ती चित्रासमोर गेली आणि बराच वेळ स्वतःकडे बघत राहिली. आरशात बाई बघते तसं नव्हे. जत्रेत जुनी मैत्रीण भेटावी, तसं.

"पातं ठेव खाली," ती म्हणाली.

"आई, अगं पण त्या तक्रार..."

"करू दे. म्या चोर न्हाई हे सांगाया माजंच तोंड खरवडायचं व्हय? सा वर्सं तिच्या घरात मान खाली घालून फरश्या पुसल्या. माजं तोंड तिनं कदी बघितलं न्हाई. आज भितीवर टांगलंय तर तिला पान दिसलं." चंपा लेक आणि चित्र यांच्या मधे येऊन उभी राहिली. "न्हाई खरवडायचं. हात लावून बघ, मग सांगते तुला."

"मावशी, मग डाग दाखवायचा कसा?" माजने विचारलं.

चंपा चपला घालता घालता थांबली. "डाग काय एकच हाय का रं बाबा?" ती म्हणाली, आणि पाचच्या गाडीला निघून गेली. चित्र कसं झालंय ते सांगायचंही विसरली.

रविवारी सकाळी साडेनऊला रेणुका गोदामाचं कुलूप काढत होती, तेव्हा रस्त्याच्या वळणावरून बायका येताना दिसल्या. चंपा पुढे, मागे दहा जणी. प्रत्येकीच्या काखेला गाठोडं. रविवार म्हणजे बंगल्यांवर सगळ्यात जास्त कामाचा दिवस. त्या दिवशी खाडा केला की दुसऱ्या दिवशी येऊ नको म्हणतात. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि तरी सगळ्या आल्या होत्या. अनिताने तर नातवाच्या गोधडीचं अस्तर उसवून आणलं होतं. अर्धे टाके अजून लोंबत होते. विठाबाईच्या चादरीला भाताचं तूस चिकटलेलं होतं.

"दोरी हाय का?" चंपाने विचारलं.

माल उतरवायचा लांब धक्का गोदामाबाहेर होता. माजने गॅरेजची दोरी आणली, या खांबापासून त्या खांबापर्यंत ताणली, आणि बायकांनी चादरी वाळत घातल्या. वाळत घालणं त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. झटकून, कोपरे ताणून, चिमटे लावून. फक्त एक गोष्ट त्या दिवशी वेगळी केली. रोज डाग आत दुमडायचा आणि चांगली बाजू रस्त्याला करायची, ही सवय मोडून त्यांनी डाग समोर केला.

रेणुकाला त्या क्षणी आपली चूक कळली आणि ती दुरुस्त कशी करायची तेही कळलं. तिने गेरू कालवला. प्रत्येक डागाच्या कडेकडेने तिने गेरूची रेघ ओढली, तुळशीच्या कट्ट्याला ओढतात तशी. मेंदीचा डाग, इस्त्रीचा डाग, कॉफीचा, लिपस्टिकचा. आणि प्रत्येकीला विचारून खाली लिहिलं: अनिता, तीन दिवाळ्यांमागे. विठाबाई, गेल्या दिवाळीला. एकीनेही नाव लिहू नको म्हटलं नाही.

सुहास सर आले, त्यांनी ती रांग पाहिली, आणि हळूच म्हणाले, "हे यादीत नाही."

"यादीत घाला," रेणुका म्हणाली. ती सरांशी असं कधी बोलली नव्हती. सरांनी खिशातून पेन काढलं आणि खरंच यादीत पंधरावा आकडा लिहिला. रस्त्यावरची माणसं थांबायला लागली होती, मोबाइल काढून नावं वाचत होती.

अकराला मॅडम आल्या. सोबत पाचसहा पाहुणे, उन्हाचे चष्मे, हातात पाण्याच्या बाटल्या. गाडीतून उतरल्या आणि धक्क्यापाशीच थबकल्या. त्यांतल्या चंपाने आणलेल्या तीन चादरींच्या कोपऱ्यात हिरवं पान होतं. त्यांच्या सोबतची एक बाई पुढे झाली, मेंदीच्या डागापाशी वाकली आणि म्हणाली, "अगं, ही तर माझ्या रियाच्या साखरपुड्याची! तूच म्हणालीस, राहू दे, कामवालीला देईन."

मॅडमचा चेहरा लाल झाला. "म्हणजे... असेल दिली," त्या म्हणाल्या. "मला काय एकेक लक्षात राहतं? चंपा, हे सगळं काढून घे. आपण घरी बोलू."

"घरी न्हाई," चंपा म्हणाली. "काल हितं बोलला, आज हितंच."

तिने दोरीवरून पानाच्या तिन्ही चादरी काढल्या. एकेकीची घडी घातली, सहा वर्षं त्या बंगल्यात घालत होती तशी, कडेला कड, कोपऱ्याला कोपरा, सुरकुती न पडू देता. घडीत गेरूची रेघ आणि डाग वर राहील असं बघितलं. मग तिन्ही एकावर एक ठेवून दोन्ही हातांनी मॅडमपुढे धरल्या.

"या घ्या. धुतल्यात. चवथी तुमची आत भितीवर हाय, तिच्यावर माजं तोंड हाय, ती मिळायची न्हाई."

मॅडमनी हात पुढे केले नाहीत. चंपाचे हात अवघडले असतील, पण तिने चादरी खाली घेतल्या नाहीत. शेवटी मॅडम वळल्या आणि गाडीत जाऊन बसल्या. मेंदीची चादर ओळखणारी पाहुणी मात्र मागे राहिली. तिने तिकीट आहे का विचारलं, नाही म्हटल्यावर चपला काढल्या आणि आत गेली.

संध्याकाळी दिवे न्यायला दोन माणसं आली. सरांनी शिडी दिली. सोमवारपासून श्रावणधाराचं काम गेलं, आणखी चार जणींची कामंही गेली. त्यातल्या दोघींना पुढच्या महिन्यात दुसरीकडे मिळाली, दोघींना नाही. हे सांगायलाच हवं, कारण असल्या गोष्टी फुकट होत नाहीत.

पण ते नंतरचं. त्या दुपारी बायका दालनात शिरल्या, तेव्हा माजच्या बैलांना हात लावून बघितला, मुंग्यांना नावं ठेवली, आणि शेवटी सगळ्या चंपाच्या चित्रासमोर जमल्या. चंपाही उभी राहिली. डावा गाल शाबूत होता.

"आई, कसं झालंय ते अजून सांगितलंच नाहीस," रेणुका म्हणाली.

चंपाने मान तिरकी करून नीट पाहिलं.

"नाक एवढं मोटं न्हाई माजं," ती म्हणाली. "पन बघती कशी बघ. कुनाच्या बा ला भीत न्हाई."