ढोलीतलं नववं गाणं

बांबूच्या कमच्यांची, शेणामातीने सारवलेली मी एक जुनी ढोली आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांनी ढोली पाहिलीच नसेल, म्हणून आधी ओळख करून देते. मला नीट सांगता येत नाही, सांभाळून घ्या. माणसापेक्षा हातभर उंच, पोटाशी रुंद आणि वरून उघडी अशी धान साठवायची टोपली म्हणजे ढोली. तळाशी धान काढायला एक भोक असतं आणि त्यात चिंध्यांचा बोळा.

धानाच्या मुलखातल्या गोरेगावजवळच्या एका गावात, बिसराम आणि सुमित्राबाई यांच्या घरी मी वीस वर्षं उभी आहे. पूर्वी पाहुणे माझ्या पोटावर थाप मारून पाहायचे. भरल्या पोटाचा आवाज आला की बिसराम मिशीत हसायचे. मग धान कट्ट्यांत, म्हणजे पोत्यांत, भरून परस्पर खरेदी केंद्रावर जाऊ लागलं. माझ्याकडे फक्त घरी खायचं धान उरलं आणि तेही आषाढापर्यंत संपू लागलं. त्यानंतर दिवाळीपर्यंत मी, उंदीर आणि कोळी. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. तक्रार पुढची आहे.

गेल्या आषाढात त्यांची मुलगी दुर्गेश्वरी स्टूल लावून माझ्या आत उतरली. बोळा काढून तिने त्या भोकातून माइकची वायर आत घेतली, आणि माझ्या तोंडावर दोन गोधड्या टाकून गायला सुरुवात केली. ती गॉथिक मेटल नावाच्या संगीताचा अल्बम करत होती. म्हणजे जड, संथ गिटार, मागे ऑर्गनचा उदास सूर, आणि गाणं कधी अगदी कोवळं, तर कधी घशाच्या तळातून काढलेली गुरगुर. साथीदार तिला मिळाले नाहीत. इथले वाजवणारे लग्नाच्या बँडमध्ये. म्हणून गिटार तीच, ऑर्गन तीच, ढोल कॉम्प्युटरवर तिचेच. पहिल्यांदा गुरगुर ऐकून बिसरामनी खोकल्याचं औषध आणलं.

मला कुणी विचारलं नाही. मी धानाची; माझ्या पोटात उदास गाणी कशाला? पण तिचं म्हणणं असं की माझ्या आत आवाज घुमतही नाही आणि मरतही नाही. चार महिन्यांत आठ गाणी झाली. नववं अर्धं झालं आणि दिवाळी आली.

एके दिवशी ती गोरेगावला कामावर गेली होती. सुमित्राबाईंनी पाहिलं की पोरीचे कपडे रोज मातीने भरतात आणि नवीन धानही अंगणात येऊन पडलं आहे. त्या आत उतरल्या आणि त्यांनी मला वरपासून खालपर्यंत गच्च सारवून काढलं. आत काय चाललं आहे, हे विचारावंसं त्यांनाही वाटलं नाही. मी ओली ओली उभी.

संध्याकाळी दुर्गेश्वरी आत उतरली. दोन ओळी म्हणाली आणि थांबली. ओल्या भिंती तिचा आवाज गिळत होत्या. कालच्या अर्ध्याला आजचं अर्धं जुळणार नव्हतं.

"तुयाचसाठी सारवलं वं," सुमित्राबाई म्हणाल्या. "मंग पयल्यापासून म्हन."

सकाळी तिने तेच ठरवलं. पण शेजारी टेकचंदची पिठाची चक्की दिवसभर धडधडते आणि रात्री दिवाळीचे फटाके, म्हणून माझ्या तोंडावर गोधड्या हव्यात. आणि गोधड्या टाकल्या तर मी सुकणार कशी? ओल्या ढोलीत धान भरलं तर बुरशी धरते. वर आभाळ भरून आलेलं. बिसराम वैतागले. ढोलीचं तोंड उघडं ठेव, गाणं पुढच्या आषाढात कर, असं त्यांनी बजावलं.

"पुढच्या आषाढात मी या घरात असीन का, बाबा?" दुर्गेश्वरी हळूच म्हणाली. "दोन ठिकानी बोलनं चालू हाय ना माह्या लग्नाचं?"

बिसराम अंगणात जाऊन धानावर ताडपत्री ओढू लागले. सुमित्राबाईंनी हात पुसले, माझ्यावरच्या गोधड्या उचलून दोरीवर टाकल्या आणि चप्पल घालून त्या बाहेर पडल्या.

भिंतीपलीकडचं सगळं मला ऐकू येतं. त्यांनी टेकचंदला तासभर चक्की बंद ठेवायला सांगितलं. घरी कोण बिमार आहे, असं त्याने विचारलं.

"बिमार नाही. पोरगी गाऊन राहिली."

"तिचं गानं चक्कीत दबते मनून तं मोहल्ला सुखी हाय, वहिनी."

"मंग मले उचलून बाजूले ठेवा, अन करा चालू," असं म्हणून सुमित्राबाई चक्कीच्या पट्ट्यासमोर ठेवलेल्या पोत्यावर बसल्या. त्यांना उचलायची हिंमत कुणाची?

चक्की थांबली. तासभर गावात इतकी शांतता होती की मला माझं सारवण सुकताना ऐकू येत होतं. दुर्गेश्वरीने नववं गाणं पहिल्या ओळीपासून म्हटलं. शेवटचा सूर लांबवला, लांबवला, तो विरत चालला, आणि तेवढ्यात घरी परतलेल्या सुमित्राबाईंनी स्टुलावर चढून माझ्या तोंडातून आत डोकावून विचारलं, "झालं का वं?"

पुन्हा म्हणायला वेळच नव्हता. तास भरला आणि चक्की सुरू झाली.

दुर्गेश्वरी दोन दिवस आईशी बोलली नाही. पाऊस आला नाही. वाऱ्याने मी सुकले, माझ्यात धान भरलं. फाल्गुनात अल्बम इंटरनेटवर गेला. दूरदेशीचे अनोळखी लोक विचारतात, नवव्या गाण्याच्या शेवटी ही बाई काय म्हणते? दुर्गेश्वरी आधी चिडायची. आता ती प्रत्येकाला लिहिते, माझी आई आहे, आणि काय म्हणते तेही सांगते. तिचं लग्न अजून ठरलेलं नाही. तिने दोन्ही ठिकाणी अल्बम आधी ऐकायला पाठवला आहे.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. घरातल्या जुन्या वस्तू जरूर सारवा, पुसा, जपा. पण आत कोणी काही करत असेल, तर हात लावण्याआधी विचारा. आणि झालं का, हे विचारायचं असेल, तर कृपा करून सूर संपू द्या.