ओरखडेबाईच्या नऊ सूचना

धक्क्याजवळच्या त्या दुकानाच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असो, बेटावर सगळे त्याला ओरखडेबाईचं दुकानच म्हणत. बाई विजेवरच्या स्कूटर भाड्याने द्यायची आणि सिमकार्डं विकायची. गाडी देण्याआधी ती हातात खडू घेऊन तिच्याभोवती फिरायची, प्रत्येक जुन्या ओरखड्याभोवती गोल काढायची आणि मग पाहुण्यांना गाडीशेजारी उभं करून तारखेसकट फोटो घ्यायची. रोज सकाळी साडेआठला बॅटरी बदलायला यायचं, की पुन्हा खडू, पुन्हा फोटो. "आम्ही काय तुमची गाडी खाणार आहोत का?" असं कुणी वैतागून म्हटलं, तर बाई म्हणायची, "खाल्लीत तर ढेकर फोटोत दिसेल."

दुसरा अभिमान तिला तिच्या मेसेजचा होता. तिने विकलेल्या प्रत्येक सिमवर दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या ठोक्याला तो आपोआप जायचा. "नमस्कार पाहुणे! तुमचं नवं सिम सुरू झालं," आणि खाली नऊ सूचना. रेंज फक्त धक्क्यावर आणि लॉजच्या आसपास मिळते. चढउतारावर डबलसीट बसू नका. बोटी दोनच, सकाळी दहाची आणि दुपारी चारची. स्वतः बसून लिहिलेलं ते सगळं तिला तोंडपाठ होतं, आणि कुणी विचारलं नाही तरी ती ते म्हणून दाखवत असे.

त्या आठवड्यात एक साहेब बायकोला घेऊन उतरला. साहेब म्हणजे उंटावरचा शहाणा. बाईच्या नऊ सूचना त्याने अर्ध्यावरच तोडल्या.

"सिम एकच द्या," तो म्हणाला. "माझी युक्ती आहे. हिला माझ्याच फोनवरून नेट मिळतं. माझ्यापासून दहा पावलांत राहिली की झालं."

तो हसला. बायकोही हसली, पण जरा उशिरा, त्याच्याकडे बघून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा खालचा ओठ फुटून सुजला होता. बाईने "काय झालं गं?" एवढं म्हणायच्या आत उत्तर आलं, "बाथरूममध्ये पाय घसरला." बाईने रोजच्यासारखा फोटो घेतला. तिच्या स्वतःच्या डाव्या कानाला पंचवीस वर्षं काहीच ऐकू येत नव्हतं, आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला तिने जिन्यावरून पडले असंच सांगितलं होतं. नवरा मरून गेला तरी तो जिना काही तिच्या तोंडातून गेला नव्हता.

तिसऱ्या दिवशी भर उन्हात बायकोच्या गळ्याला स्कार्फ होता. साहेब बोटीची वेळ विचारायला तिकीट खिडकीकडे गेला. बाईने गाडीभोवती एक फेरी मारली आणि खडू खिशात टाकला.

"गाडीला एकही नवा ओरखडा नाही," ती हळूच म्हणाली. "तुला मात्र रोज एक नवा निघतोय. काढ तो स्कार्फ."

गळ्यावर दोन्ही बाजूंना बोटं उमटली होती. बाईने फोटो घेतला. साहेबाच्या पाठीवरची नजर न काढता बायको भराभर बोलू लागली. "माझी बहीण पलीकडच्या धक्क्याजवळच राहते, मावशी. एक फोन लागला तरी ती येईल. पण हा मला एकटीला बोटीत चढू द्यायचा नाही. आणि घरी गेल्यावर फोनही काढून घेणार म्हणतो."

बाईने खणातून एक नवं सिम काढलं आणि तिच्या मुठीत कोंबलं. "आज संधी मिळाली की घाल. बहिणीला सांग, उद्या दहाच्या बोटीला पलीकडच्या धक्क्यावर उभी राहा. सकाळी तुम्ही बॅटरी बदलायला आलात की मी याला खडूत असा गुंतवते की त्याला दिवसा तारे दिसतील. तू सरळ जाऊन बोटीत बस."

तिने मान हलवली. तेवढ्यात साहेब परत आला, आणि ती पुन्हा त्याच्या दहा पावलांत जाऊन उभी राहिली.

चौथ्या दिवशी साडेआठ वाजून गेले तरी जोडपं आलं नाही. उशीर होतो कधी कधी, म्हणून बाई बाकीच्यांच्या बॅटऱ्या बदलत होती. आदल्या दिवशी सिम घेतलेला एक म्हातारा पाहुणा गल्ल्यापाशी उभा राहून आपल्या फोनवरचं मोठ्याने वाचत होता. "नमस्कार पाहुणे! तुमचं नवं सिम सुरू झालं. वा, छान लिहिलंय हो!"

बाईने घड्याळाकडे पाहिलं. आठच्या ठोक्याला तोच मेसेज काल सिम दिलेल्या त्या पोरीच्या फोनवरही गेला होता. करायला गेली एक अन् झालं भलतंच. जिचा जीव वाचवायचा, तिलाच बाईने स्वतःच्या हाताने पकडून दिलं होतं.

तिने चार्जरवरची एक बॅटरी उपसली, दहा किलोचा तो ठोकळा पायाशी ठेवला आणि स्कूटर लॉजकडे दामटली. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत आवाज येऊ लागला. आरडाओरडा नव्हताच. नुसतं धप्, मग थोडं थांबून पुन्हा धप्. आजूबाजूच्या खोल्यांची दारं बंद होती.

"बॅटरी बदलायला आलेय!" बाईने दार वाजवलं.

दार वीतभर उघडलं आणि तिने खांदा लावून ते आत ढकललं. पोरगी पलंगाच्या आणि भिंतीच्या मधे पडली होती. नाकातून रक्त वाहत होतं, एक डोळा मिटला होता, फोनचा चुरा झाला होता.

"तूच ना गं ते सिम देणारी म्हातारी?" साहेब म्हणाला, आणि त्याने बाईचे केस धरून तिचं डोकं चौकटीवर आपटलं. एकदा, मग दुसऱ्यांदा. चांगल्या कानातही शिट्टी वाजायला लागली. भुवईतून रक्त डोळ्यात उतरलं. त्याने तिला जमिनीवर पाडलं आणि बरगडीत लाथ घातली. आत काहीतरी कटकन मोडलं. बाईला राग आला होता आणि भीतीही वाटत होती, पण बॅटरीची मूठ तिने सोडली नव्हती. तिसऱ्या लाथेसाठी त्याने पाय उचलला, तेव्हा तिने दोन्ही हातांनी तो ठोकळा त्याच्या दुसऱ्या गुडघ्यावर हाणला. तो ओरडत खाली आला. पडता पडता त्याने तिचा गळा धरला, तशी बाईने पुन्हा बॅटरी उचलली आणि यावेळी त्याच्या कपाळावर घातली.

त्याची बोटं ढिली पडली. तो कुशीवर वळून कण्हू लागला.

"ऊठ," बाई पोरीला म्हणाली. "पावणेदहा झालेत."

पोरगी उठली. उठण्याआधी तिने फोनच्या चुऱ्यात हात घालून सिम शोधलं आणि मुठीत घेतलं. चढउतारावर डबलसीट बसू नका, ही स्वतःचीच सूचना मोडून बाईने बॅटरी पायाशी टाकली आणि तिला मागे बसवलं. मोडक्या बरगडीने तिला प्रत्येक खड्डा मोजून दाखवला.

धक्क्यावर बोटीचे दोर सोडायची तयारी चालली होती. पोरीचा एक पाय फळीवर पडला, तोच मागून साहेब आला. कुणाच्या तरी गाडीवर बसून आला असावा. लंगडत, तोंड रक्ताने भरलेलं. त्याने तिच्या वेणीला हात घातला आणि तिला ओढून धक्क्यावर उताणी पाडलं. माणसं नुसती बघत राहिली. बोटीच्या वेळी रोज तिथे उभा असलेला हवालदार मात्र धावला आणि त्याने साहेबाचा वर गेलेला हात मागे पिरगाळला.

"मला काय धरता? हिला धरा!" साहेबाने बाईकडे बोट केलं. "खोलीत घुसून हिने माझं डोकं फोडलं! चौकशी करा, माझी बायको साक्षीदार आहे!"

चोराच्या उलट्या बोंबा. पण बोंब अगदीच खोटी नव्हती, आणि हे बाईलाही माहीत होतं. बॅटरी अजून स्कूटरवर होती आणि तिच्या कोपऱ्याला रक्त लागलेलं होतं. बाईने आपला फोन हवालदाराच्या हातात दिला. त्यात रोजचा एक असे तीन फोटो होते. पहिल्यात साधा चेहरा, दुसऱ्यात ओठ, तिसऱ्यात गळा. गाडी तिन्हींत सारखीच होती. हातच्या काकणाला आरसा कशाला! हवालदाराने तिन्ही पाहिले, पुन्हा पाहिले, मग समोरच्या पोरीचा चौथा चेहरा पाहिला.

"ताई," त्याने विचारलं, "यांचं डोकं कोणी फोडलं?"

बोटवाला दोर हातात धरून थांबला होता. पोरीने बाईच्या भुवईकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. तो मान हलवून तिला खुणावत होता, सांग, सांग.

"कोणी नाही," ती म्हणाली. बोलताना फुटका ओठ पुन्हा वाहू लागला, पण आवाज ठाम होता. "बाथरूममध्ये पाय घसरला त्यांचा. फरशी फार वाईट आहे हो तिथली. मीसुद्धा रोज तिथेच पडते."

हवालदाराने साहेबाचा हात सोडला नाही. पोरगी सिमची मूठ आवळून एकटीच बोटीत चढली.