निळ्या पेल्यातलं तेल

सिद्रामप्पांनी हात वर केला आणि घाण्याची मोटर बंद करायला लावली. उखळात फिरणारी लाकडी लाट दोन-तीन फेरे घेऊन थांबली. त्यांनी खालच्या भांड्यातल्या ताज्या तेलात बोट बुडवलं, नाकाशी नेलं, मग जिभेवर ठेवलं.

"मलप्पा, यात काय मिसळलंस?"

मलप्पा पेंड भरत होता. पाटी खाली ठेवून तो सरळ उभा राहिला.

"काय मिसळू आप्पा? करडी मीच चाळली. तुमच्यासमोर टाकली."

"करडीच्या तेलाला वास असतो. ह्याला न्हाई."

"हाय की वो. लई हाय."

"म्हंजे मी खोटं बोलायलोय?"

पुढच्या बाजूला त्यांच्या पत्नी उज्वलाबाई बाटल्यांना झाकणं लावत होत्या. हातातली बाटली त्यांनी हळूच नाकाशी नेली. भाजल्या दाण्यासारखा, थोडा कोवळा, चाळीस वर्षं लुगड्याला येत आलेला तोच वास होता. त्यांनी झाकण घट्ट फिरवलं आणि पुढची बाटली घेतली.

औशाच्या बाजारात सिद्रामप्पांच्या नाकाला मान होता. पोत्यात हात घालून ओंजळभर करडी हुंगली की माल पावसात भिजला होता का, कोणत्या कोठारात पडून होता, हे ते सांगत. लातूरचे व्यापारी सौदा करण्याआधी त्यांना बोलवायचे. घाण्याच्या पाटीवर नाव वडिलांचं होतं, पण गिऱ्हाईक येई ते आप्पांनी हुंगलेल्या तेलासाठी. मलप्पा त्यांच्याकडे चोवीस वर्षं होता. त्याच्यावर आजवर कुणी बोट दाखवलं नव्हतं.

स्पेनहून आल्यापासून मात्र आप्पांना सगळ्यांतच काहीतरी काळंबेरं दिसू लागलं होतं.

मुलगी ऋतुजा तिथल्या कोर्दोबा शहरात पिकांच्या रोगांवर संशोधन करते. दिवाळीनंतर तिने दोघांना हट्टानं बोलावून घेतलं. दिवाळीआधी आप्पा आठ दिवस तापाने पडले होते, तरी तिकिटं काढलेली म्हणून गेले. उज्वलाबाईंना वाटलं होतं, परक्या मुलखात आपण चिवडा-दशम्यांवर दिवस काढणार. पण पहिल्याच दुपारी ऋतुजाने एका गल्लीतल्या खानावळीत वांग्याचे कुरकुरीत काप मागवले आणि वर उसाची काकवी. वांगं आणि काकवी! उज्वलाबाई एकट्याने दीड ताटली संपवून मोकळ्या झाल्या. मग पालक घातलेले काबुली चणे, मग टोमॅटो घासलेला भाजका पाव, वर मीठ आणि हिरव्या तेलाची जाड धार. सकाळी संत्र्याच्या चकत्यांवरसुद्धा तेल. त्यांनी ऋतुजाच्या वहीत सगळं लिहून घेतलं, कुणाला दाखवायचं म्हणून नाही, नुसतंच.

आप्पा प्रत्येक घासाला थांबत होते.

"मीठ-आंबट तेवढं लागतंय. बाकी ह्या जेवणात काय न्हाई."

"आप्पा, तुम्ही घरच्यासारखं शोधताय," ऋतुजा हसली होती.

शेवटच्या आठवड्यात तिने त्यांना खास त्यांच्यासाठी म्हणून ऑलिव्हच्या एका घाण्यावर नेलं. मैलोन् मैल टेकड्यांवर ओळीने झाडं, आणि यंत्रांच्या खोलीत दारापासूनच असा वास, की उज्वलाबाई उंबऱ्यातच थबकल्या. तिथल्या इनेस नावाच्या बाईने सगळ्यांना टेबलाभोवती बसवलं. जाड निळ्या काचेचे बुटके पेले होते. निळे का, तर तेलाचा रंग दिसू नये. रंग माणसाला फसवतो, असं ती म्हणाली आणि ऋतुजाने ते मराठीत सांगितलं. पेल्यावर झाकण ठेवायचं, तळहाताने तो उबवायचा, झाकण काढून हुंगायचं, मग घोटभर तेल तोंडात घेऊन दातांतून हवा ओढायची.

पहिल्या पेल्याला सगळे खोकले. आप्पाही खोकले. घशात मिरची लागावी तसं ते तेल जळलं. इनेस खूश झाली; ती आग म्हणजे ताजेपणाची खूण होती.

"बनवाबनवी हाय," आप्पा कानात कुजबुजले. "तिखट काहीतरी टाकलंय. तेल असं असतंय का?"

तिसरा पेला तिने मुद्दाम बिघडलेल्या तेलाचा ठेवला होता, फरक कळावा म्हणून. झाकण काढताच सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. आप्पांचंही झालं. पण जरा उशिरा. आधी त्यांनी डावीकडच्या माणसाकडे पाहिलं होतं, मग उज्वलाबाईंकडे.

तेव्हा उज्वलाबाईंना त्यात काही वाटलं नाही. निघताना त्यांनी हौसेनं तीन निळे पेले विकत घेतले. आप्पांनी तेलाची एक बाटली घेतली.

"औशात नेऊन तपासतो," म्हणाले. "एवढ्या लांबून फसवायला बसलेत."

बाटली तशीच राहिली. तपासणी सुरू झाली ती आपल्याच तेलाची. आप्पांनी करडीच्या कोठाराची किल्ली स्वतःकडे घेतली. दोन जुन्या गिऱ्हाइकांना, आज तेल देत नाही, म्हणून परत पाठवलं. शेवटी एक बाटली लातूरच्या प्रयोगशाळेत दिली. चार दिवसांनी अहवाल आला, भेसळ नाही. आप्पांनी कागद दोनदा वाचला, घडी घातली.

"त्यांनाही कुणीतरी गाठलं असणार."

"कोण गाठणार? आणि कशासाठी?" उज्वलाबाईंनी विचारलं.

"तेच तर शोधायलोय."

जेवताना ते आमटीत चमचा फिरवून विचारत, "फोडणीला कोणतं तेल घातलंस?" उज्वलाबाई सांगत, आपलंच. ते मान हलवत, पण त्या मान हलवण्यात होकार नसे. संसारात पहिल्यांदाच आपल्यावर पाळत आहे असं त्यांना वाटू लागलं. आणि मग, नकळत, त्याही त्यांच्यावर पाळत ठेवू लागल्या.

एका दुपारी गॅसवर वरणाचं पातेलं ठेवून त्या मागच्या दारी भांडी आणायला गेल्या. शेजारीण बोलत उभी राहिली. परत आल्या तेव्हा वरण तळाला लागून काळं झालं होतं, करपट वास अंगणापर्यंत आला होता. आप्पा पातेल्यापासून चार पावलांवर, गॅसकडे पाठ करून वर्तमानपत्र वाचत होते.

"अहो, एवढा वास सुटलाय!"

आप्पांनी वळून धूर पाहिला. मग घाईनं उठून गॅस बंद केला.

"पेपरात लक्ष होतं," ते म्हणाले.

उज्वलाबाई पातेलं घासत बसल्या. तो उशिरा वाकडा झालेला चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढे आला, आणि हातातली घासणी थांबली.

त्याच आठवड्यात, शनिवारी, आप्पांनी मलप्पाला सोमवारपासून येऊ नको म्हणून सांगितलं. मलप्पाने वाद घातला नाही. तो मागच्या दाराने स्वयंपाकघराच्या पायरीशी आला.

"आक्का, पोरीची सोयरीक चाललीय माझ्या. मला काढलं याचं कायबी न्हाई. पण आप्पांनी भेसळीपायी काढलं म्हणल्यावर मला तोंड न्हाई राहत."

"उद्या दुपारी ये," उज्वलाबाई म्हणाल्या. "जेवायलाच ये."

रविवारी त्यांनी ज्वारीची भाकरी केली, कडक भाजली, तिच्यावर टोमॅटो घासला. पाटावर तीन निळे पेले मांडले, वर बशा झाकल्या. एकात स्पेनचं तेल, एकात शनिवारी सकाळी काढलेली करडी. तिसऱ्यात माळ्यावरच्या डब्यातलं गेल्या सालचं, पार खवट झालेलं तेल.

आप्पा आले आणि मलप्पाला पाहून दारातच थांबले.

"हा कशाला?"

"साक्षीला," उज्वलाबाई म्हणाल्या. "तिथं घेतली तशी चव घ्या. कोणतं तेल खरं आणि कोणतं खोटं, एकदाच सांगून टाका. मग तुम्ही म्हणाल तसं."

आप्पा पाटासमोर बसले. पहिला पेला उचलला. तळहातात धरला, उबवला, बशी बाजूला केली. डोळे मिटून हुंगलं. बराच वेळ. पेला खाली ठेवून त्यांनी दुसरा घेतला. मग तिसरा, तो खवट तेलाचा. बशी सरकताच मलप्पाने नाक मुरडलं होतं. पाटापलीकडे बसलेल्या उज्वलाबाईंपर्यंत तो वास आला. आप्पांनी नाक पेल्याच्या काठाला टेकवलं होतं. त्यांचा चेहरा तसाच होता.

त्यांनी डोळे उघडले. पेल्यात वाकून पाहिलं. निळ्या काचेत तिन्ही तेलं एकसारखीच काळपट दिसत होती.

त्यांच्या कपाळावर घाम आला. उज्वलाबाईंच्या मनात आलं, आपण हे करायला नको होतं. निदान मलप्पासमोर तरी नको होतं. त्या पेले उचलायला पुढे झाल्या, तेवढ्यात आप्पांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. कधीपासून माहीत आहे, एवढंच ते विचारत होते. उज्वलाबाईंनी नजर खाली वळवली.

आप्पांनी तिसरा पेला मलप्पापुढे सरकवला.

"तू सांग."

मलप्पाने आधी आक्कांकडे पाहिलं, मग पेला घेतला. फार जवळ न्यावा लागला नाही.

"खवट हाय आप्पा. मागल्या सालचं."

"आन हे?"

"ही आपली करडी. कालची."

"कशावरून?"

"पहिल्या दाबाची हाय. दाणा जरासा कच्चा व्हता, त्याचा वास हाय बगा मागनं."

आप्पा थोडा वेळ पेल्याच्या काठावर बोट फिरवत राहिले.

"बरोबर," ते म्हणाले. "मी हेच बघत होतो, तुला कळतंय का. चोवीस वर्षांत शिकलास म्हणायचं."

 मलप्पाने पेला दोन्ही हातांनी खाली ठेवला.

"उद्या सातला ये. भोकरहून करडी येणार हाय. पोती तू उघड. हुंगून मला सांग, घ्यायची का न्हाई ते. व्यापाऱ्यासमोर न्हाई, मला बाजूला घेऊन सांग. आणि त्या दोन गिऱ्हाइकांना निरोप दे, तेल तयार हाय म्हणावं."

"हाव आप्पा."

मलप्पा जेवला, ताट धुऊन ठेवलं आणि गेला. सायकलचा आवाज गल्लीच्या वळणापर्यंत ऐकू आला. आप्पा पाटावरून उठले नव्हते. उज्वलाबाईंनी दोन पेले आत नेले. उरलेला, स्पेनच्या तेलाचा, न्यायला आल्या तेव्हा आप्पांनी तो हातात धरला होता. त्यांनी भाकरीचा टोमॅटो लावलेला तुकडा मोडला, त्यावर तेल ओतलं, मीठ भुरभुरवलं आणि सावकाश चावून खाल्लं. थोड्या वेळाने ते खोकले.

"घशाला आग होतेय. तेवढं कळतंय मला," ते म्हणाले.

उज्वलाबाई त्यांच्याशेजारी खाली बसल्या.

"दिवाळीआधीच्या तापापासून?"

"हं."

"लातूरला डॉक्टरला दाखवू. उद्या मलप्पा आहेच घाण्यावर."

"दाखवू." त्यांनी भाकरीचा दुसरा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "ह्याला वास कसला हाय?"

उज्वलाबाईंनी पेला त्यांच्या हातातून घेतला. तळहातांत धरून उबवला. डोळे मिटले.

"हरभऱ्याची भाजी खुडताना बोटांना येतो ना, तसला," त्या म्हणाल्या. "सकाळच्या दंवातला. कोवळा, जरा आंबूस."

आप्पांनी तुकडा तोंडात घातला आणि चावू लागले.

"आणि?"

उज्वलाबाईंनी पेला पुन्हा नाकाशी नेला.