टेबलाखालचे हात

"आजी, भुतं जेवायला काय खातात गं?"

प्रमोदिनीबाई गवार मोडत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला. सांगलीतल्या मुलींच्या शाळेत त्यांनी उभा जन्म विज्ञान शिकवलं होतं, आणि प्रश्न कितीही अचाट असला तरी तो हसण्यावारी न्यायचा नाही, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती.

"कुठली भुतं? इकडची की परदेशातली?"

"हॅलोविनची." नात भार्गवी दिवाळीच्या सुट्टीला पुण्याहून आली होती. पुण्यात त्यांच्या सोसायटीत ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी भुतांचा सण व्हायचा. मुलं तोंडं रंगवून दारोदार हिंडायची आणि मग एकाच्या घरी भुताटकीचं जेवण असायचं. यंदा ती सांगलीत अडकली होती, म्हणून दोन दिवस फुरंगटून बसली होती.

"मग आपण इथं मांडू की ते जेवण," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "पण मला सगळं नीट सांग. टेबलावर काय काय असतं?"

पलीकडे वर्तमानपत्रामागून अनंतरावांचा आवाज आला, "आकाशकंदील अजून उतरवला नाही आणि भुतांना जेवायला बोलवा. छान!"

"तुम्हीपण आहातच हो पंगतीला," बाई म्हणाल्या. त्यांना खरंच उत्सुकता वाटायला लागली होती. आयुष्यभर पोरींच्या डोक्यातलं भूत काढण्यात गेलं. भूत घालायचं कसं, हे एकदा करून बघायला काय हरकत आहे?

मंडईतून लाल भोपळा आला. भार्गवीला त्याचं तोंड कोरून आत दिवा लावायचा होता. पण आपला भोपळा पडला दगडासारखा. सुरी आत जाईना. अनंतराव थोडा वेळ नुसते बघत राहिले, मग न बोलता आत जाऊन पटाशी आणि हातोडी घेऊन आले. तासाभरानं भोपळ्याला दोन डोळे, एक वाकडं नाक आणि चार दात फुटले. "नाकात जरा तुझ्या भावाची झाक आली," ते बायकोला म्हणाले आणि पुन्हा वर्तमानपत्रात शिरले. पण पेपर उलटा धरला होता, हे भार्गवीनं बघितलं.

इडल्यांना मिऱ्यांचे डोळे लावून भुतांची मुंडकी झाली. भरल्या भेंडीच्या टोकाला बदामाचा काप खोचला की चेटकिणीचं नख असलेलं बोट तयार. बीटाचं सार म्हणजे रक्त. उशीतला कापूस ओढून खुर्च्यांवर कोळ्याची जाळी पसरली. आणि टेबलावर अंथरायला बाईंनी आपली जुनी काळी चंद्रकळा काढली.

"पांढरी चादर का नाही? भुतं पांढरी असतात," भार्गवी म्हणाली.

"थांब, दाखवते." बाईंनी कपाटातून एक लहानसा टॉर्च काढला. अंधारात विंचू कसा चमकतो ते मुलींना दाखवायला त्यांनी तो शाळेत असताना घेतला होता. त्याचा उजेड जांभळा, जेमतेम दिसणारा. "हा डोळ्यात मारायचा नाही हं. कपड्याच्या साबणात चमक असते, त्यामुळे पांढरी चादर यात निळी पेटते. मग दुसरं काही दिसायचं नाही. आता गंमत बघ."

त्यांनी तेलात हळद कालवली, नातीच्या तळहाताला लावली आणि चंद्रकळेवर ठसे उमटवले. खिडक्यांचे पडदे ओढून टॉर्च लावला. काळ्या कापडावर पोपटी पिवळे हात लखकन उजळले.

भार्गवीनं श्वास रोखला. "आजी, तू चेटकीण आहेस."

"विज्ञानाची बाई आहे. थोडंफार तेच."

बेत ठरला. संध्याकाळी शेजारची पूजा आणि तिचा भाऊ ऋषिराज जेवायला बसले की आजोबांनी दिवे घालवायचे आणि भार्गवीनं टेबलाखालून बाहेर येऊन टॉर्च मारायचा. तालीम करायला ती टॉर्च घेऊन, चंद्रकळेचा पदर उचलून आत शिरली. आत गेली ती गेलीच. हसू नाही, बोलणं नाही.

"भार्गवी? अगं, ये की बाहेर!"

"आजी," आतून अगदी हळू आवाज आला, "इथं कुणाचे तरी हात आहेत."

"तूच लावले असशील."

"माझे नाहीत. मोठे आहेत. खूप आहेत."

प्रमोदिनीबाई गुडघे धरत खाली बसल्या, मग सरळ पाठीवर आडव्या झाल्या आणि सरकत आत गेल्या. नातीनं टॉर्च वर धरला. टेबलाच्या फळीच्या खालच्या अंगाला, चारी कोपऱ्यांजवळ, पिवळे पंजे चमकत होते. बोटं फाकलेली, तळवे सपाट दाबलेले, जणू कुणीतरी खालून सगळा जोर लावून फळी वर ढकलत होतं. दोन कोपऱ्यांतले पुसट, फरफटलेले. एका कोपऱ्यातले लहान, बाईमाणसाचे वाटावेत असे. आणि चौथ्या कोपऱ्यात दोन रुंद पंजे. त्यातल्या डाव्याचं मधलं बोट अर्धंच होतं.

बाईंच्या अंगावर काटा आला. मग लगेच मनात आलं, हळद आहे. भुताला कशाला लागते हळद?

"आजी, घाबरलीस?"

"हो, थोडी. पण त्याहून जास्त मला कळायला पाहिजे, हे कोण."

त्यांनी अनंतरावांना हाक मारली. तेही कण्हत कुंथत आडवे झाले. एका टेबलाखाली तिघं, पाय बाहेर.

"हे टेबल हळदवाल्या जयराज शेठचं ना हो?"

"त्यांच्या पेढीवरचं. पुरात भिजलं होतं म्हणून विकायला काढलं होतं. पाय कुजले होते ते मी नवे करून घेतले. वरची फळी तीच." अनंतराव बोट लावायला गेले आणि त्यांनी ते मागे घेतलं. "सागवान आहे म्हणून घेतलं मी. खाली कशाला बघतोय?"

संध्याकाळी पाहुणे आले. इडल्यांची मुंडकी, चेटकिणीची बोटं, वाटीतलं रक्त, सगळं झकास जमलं. पण भार्गवीनं खालच्या हातांबद्दल सांगितलं मात्र, पूजा आणि ऋषिराज ताटं सोडून टेबलाखाली जाऊन झोपले. बीटाचं सार तिघांनी तिथंच प्यायलं. भोपळा एकटाच वर दात विचकत बसला.

दुसऱ्या दिवशी आजी आणि नात गणपती पेठेत जयराज शेठच्या पेढीवर गेल्या. हळदीचा व्यापार त्यांच्या तीन पिढ्यांचा. त्यांची मुलगी बाईंच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे ते गादीवरून उठून उभेच राहिले.

"बाई, तुम्ही? निरोप धाडायचा, मी आलो असतो."

बाईंनी मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला. शेठनी तो मोठा करून बघितला. मग अर्ध्या बोटावर त्यांनी आपलं बोट ठेवलं.

"हे कृष्णातमामाचं बोट. आमचा हमाल. ट्रकच्या फाळक्यात चेचलं होतं." ते गोंधळले होते. "पण टेबलाच्या खाली त्याचे हात कसे?"

"टेबल पेढीवरच असायचं ना?"

"दादांच्या खोलीत, माडीखाली. दादा म्हणजे माझे वडील. कमरेपासून अधू, अंगानं भारी, आणि तोंडाचे फार तिखट. दोन हजार एकोणीसच्या पुरात मी बायकापोरांना पुण्याला सोडायला गेलो आणि मागं हायवे बंद झाला. आठवडाभर मला सांगलीत पाऊल टाकता आलं नाही. आलो तेव्हा दादा पुराबाहेर, विश्रामबागेत माझ्या बहिणीकडे होते. बोटीनं काढलं असं लोक म्हणाले. त्यांना विचारलं तर म्हणायचे, आलो ना मी? बसलोय ना समोर? झालं तर मग." शेठनी फोटो परत दिला. "दोन वर्षांनी ते गेले. पुढं मीही विचारायचं सोडून दिलं."

"कृष्णातमामा कुठं असतात?" भार्गवीनं विचारलं.

"पलूसकडं, गावी. पुरानंतर तो परत कामावर आलाच नाही." मग शेठनी मुनीमाला गल्ल्याची किल्ली दिली आणि चपला शोधायला लागले. "चला, माझी गाडी आहे."

पलूसच्या अलीकडे उसाच्या पट्ट्यात कृष्णातचं घर होतं. अंगणात एक ठेंगणी, काटक बाई शेंगा वाळत घालत होती. शेठना बघून तिनं पदर सावरला आणि आत बघून ओरडली, "आवं, बाहीर या! पेढीवरचं मालक आल्याती!"

ती धोंडुबाई, कृष्णातची बायको. ती पेढीवर हळद निवडायला यायची. मागोमाग कृष्णात बाहेर आला. रुंद हाडाचा माणूस, डोक्याला टॉवेल. त्यानं रामराम केला, पाणी आणायला सांगितलं. भार्गवीची नजर त्याच्या डाव्या हातावरून हलेना.

शेठनी फोटो पुढं केला. कृष्णातनं तो लांब धरला, जवळ धरला. "ह्ये काय म्हनायचं?"

धोंडुबाईनं मात्र एका झटक्यात ओळखलं. "आगं बया! टेबल हाय की ह्ये! म्हाताऱ्याचं टेबल!"

"म्हणजे?" शेठनी विचारलं.

"म्हंजी काय, त्येच्यावर तर न्हेलं त्यास्नी." तिनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं आणि मांडी घातली. सांगायला ती तयारच होती. "रातभर आमी पोती माळ्यावर चढीवत हुतो. खालची भिजल्याली. आंगभर हळदीचा चिखूल. सकाळी बगतोय तर पानी कमरंला. बोट यायची न्हाई म्हनली त्या बोळात. म्हातारं काय चालतंय? खाटंवर न्यावं तर खाट दारातनं निगंना. मग म्या म्हनलं, टेबल घ्या. चौघं चार कोपऱ्याला. ह्ये, म्या, आन दोन पोरं पेठंतली. डोक्यावर टेबल, त्येच्यावर म्हातारं."

"मी बुटकी, म्हनून माजा कोपरा खाली यायचा," ती पुढं म्हणाली. "मग हात वर करून रेटा देत चालली. पानी छातीला लागलं तवा लय भ्या वाटलं."

"तुम्ही कधी सांगितलं नाही," शेठ म्हणाले.

"कुनाला सांगायचं? पेढीला कुलूप, तुमी पुन्याला, आन हितं आमच्या घराची भित पडल्याली. ती हुबी करस्तवर साल गेलं. गावात सगळ्यास्नी ठावं हाय. तुमी इचाराय आला न्हाईसा."

ते खरंच होतं.

भार्गवी कृष्णातच्या जवळ सरकली. "वर बसून ते आजोबा काय करत होते?"

कृष्णात पहिल्यांदाच हसला. "शिव्या देत हुतं. सारी वाट. टेबल वाकडं झालं की शिवी, थांबलं की शिवी." मग त्यानं शेठकडं बघितलं आणि त्याचा आवाज जरा उतरला. "पर मालक, मदी मदी इचारायचं. कृष्णा, पाय टेकतोय का रं तुजा? टेकत नसंल तर मला सोड म्हनायचं. धा पावलं गेलं की पुन्ना त्येच. पाय टेकतोय का रं?"

धोंडुबाई उठली आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली. जयराज शेठनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, आणि तो परत लावायच्या आधी उगीचच पुन्हा एकदा पुसला.

"मग?" भार्गवीनं हळूच विचारलं. "टेकत होता?"

"एका खड्ड्यात न्हवता," कृष्णात म्हणाला. "पर म्या व्हय म्हनलं."

चहा झाला. भार्गवीनं विचारून कृष्णातच्या तळव्यावर आपला तळवा ठेवून पाहिला, अर्ध्या बोटापाशी थांबली, आणि दुखतं का म्हणून विचारलं. थंडीत दुखतं, तो म्हणाला. निघताना शेठ कृष्णातला घेऊन बांधापर्यंत गेले. दोघं तिथं बराच वेळ उभे होते. काय बोलले ते लांबून ऐकू आलं नाही, आणि सगळं कळून घ्यायची खोड असलेल्या प्रमोदिनीबाईंनी ते विचारलंही नाही.

गाडी सांगलीच्या वाटेला लागली. उसाच्या बैलगाड्या मागं पडत होत्या. भिलवडीच्या फाट्यापाशी शेठनी गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाले, "बाई, आज संध्याकाळी घरी असाल का? मला ते एकदा बघायचंय. खालून."

"या ना. पण पाठीवर झोपावं लागेल."

"झोपेन की."

"मी टॉर्च धरीन," भार्गवी मागच्या सीटवरून म्हणाली.