बाबारावांना झाली

बाबारावांना लघवी होते की नाही, हा प्रश्न आता त्यांच्या एकट्याचा राहिला नव्हता. खमरियातल्या फॅक्टरीच्या क्वार्टरांमधून रोज फोन यायचे, "काकांना झाली का?" आयुष्यभर फॅक्टरीत मान राखून वागलेल्या माणसाच्या वाट्याला ही चौकशी यावी, याचा बाबारावांना सापापेक्षा जास्त राग होता.

साप म्हणजे घोणस. क्वार्टरच्या मागे दोडके तोडताना तिचा फुत्कार त्यांना ऐकू आला होता. पण कुकर झाला असं समजून त्यांनी घरात हाक दिली, "गॅस बंद करा," आणि पाय पुढे टाकला. नेपियर टाउनच्या दवाखान्यात नेलं तेव्हा हिरड्यांतून रक्त येत होतं आणि काचेच्या नळीत काढलेलं रक्त काही केल्या गोठत नव्हतं. विषावरच्या इंजेक्शनांनी रक्त ताळ्यावर आलं. किडन्या मात्र रुसून बसल्या. तेव्हापासून मुक्काम तिथेच, मानेत नळी आणि दिवसाआड डायलिसिस. डॉक्टर अंबरीश रोज बजावायचे, थेंबभर झाली तरी मापाच्या भांड्यात धरा आणि दाखवा. किडन्या जाग्या होताहेत का, ते त्यावरूनच कळणार होतं.

इतके दिवस सोबतीला बायको होती, सत्यवतीबाई, त्यामुळे भांड्याचं काही वाटत नव्हतं. पण तिचा गुडघा सुजला आणि आज सून आली, प्रणोती. त्यांच्या घरी सासरा सुनेशी थेट बोलत नसे. प्रणोती समोर बसलेली असताना बाबाराव बायकोला म्हणायचे, "तिला सांग, भाजी छान झाली." प्रणोतीही हसून सासूलाच उत्तर द्यायची. कोणाचं काही अडलं नव्हतं.

आणि नेमकी आजच झाली. सकाळी बाथरूममध्ये, थोडीशीच, पण झाली. बाबारावांना भिंतीला धरून रडावंसं वाटलं. मग हातातल्या भांड्याकडे लक्ष गेलं. हे घेऊन सुनेसमोर जायचं? त्यांनी ते मुकाट्याने ओतून टाकलं, भांडं विसळलं आणि कॉटवर येऊन पांघरूण ओढून घेतलं. उद्या सत्यवती आली की सांगू, असं त्यांनी ठरवून टाकलं.

दुपारी डॉक्टर आले. भांडं कोरडं पाहून ते प्रणोतीला दाराशी घेऊन गेले. बाबारावांनी डोळे मिटले होते, कान नाही.

"कुछ लोगों की किडनी लौटकर नहीं आती," डॉक्टर म्हणाले. "मन तैयार रखिए."

"नहीं लौटी तो मेरी ले लीजिए," प्रणोती म्हणाली. "पहले मेरी जाँच हो जाए, घर में फिर बताएँगे. नहीं तो हमारी सास रोती बैठेंगी."

भाजीवाल्याशी बोलावं इतक्या साध्या आवाजात ती हे बोलली. बाबारावांनी पांघरूण बाजूला सारलं. ते उठून बसले.

"प्रणोती," त्यांनी हाक मारली. इतक्या वर्षांत त्यांनी तिला पहिल्यांदाच नावाने बोलावलं होतं. "झाली मला. सकाळीच झाली. मी फेकून दिली."

प्रणोतीने कमरेवर हात ठेवले. "काहून फेकली, बाबा? आम्ही इथे देव पाण्यात घालून बसलो अन् तुम्ही तिकडे फेकून राहिले?"

"लाज वाटली."

"माझी?"

बाबारावांनी खाली बघत मान डोलावली. डॉक्टरांनी हसू दाबलं. "अगली बार मुझे दिखाइए बाबाजी, फिर कल के डायलिसिस का सोचेंगे."

संध्याकाळी बाथरूमचं दार उघडून बाबारावांनी स्वतःच तिला बोलावलं. "ये, पाहून घे."

प्रणोतीने भांडं खिडकीच्या उजेडात धरलं. सकाळपेक्षा पुष्कळच जास्त होती. मापाच्या रेघा वाचता वाचता तिचे डोळे भरून आले आणि भांडं हातात कलायला लागलं.

"सांडशील," बाबाराव म्हणाले. तिच्या हातून भांडं काढून घेऊन ते अख्ख्या वॉर्डादेखत नर्सकडे निघाले.