विम्यापुरती भाची

सप्टेंबर लागला की बल्गेरियातल्या प्लेवेन शहरात सगळ्यांच्याच कपड्यांना भाजलेल्या मिरचीचा वास येतो. बाल्कनी-बाल्कनीत मिरच्या भाजायची विजेची भट्टी तापलेली, आणि घरोघरी हिवाळ्यासाठी मिरची-टोमॅटोची चटणी, ल्युतेनित्सा, रटरटत असते. पेत्रानामावशीही भाजायची. पण स्वतःच्या घरी नाही हं! तिच्या भिंतींना नवा रंग, पडदे नुकते धुतलेले. ती दुसऱ्या मजल्यावरून मिरच्यांची पोती लिफ्टमध्ये घालून पाचव्या मजल्यावर यायची आणि नेवेनाच्या बाल्कनीत धूर करायची.

तेही घर मावशीचंच होतं म्हणा. नेवेना तिथे भाड्याने राहायची. किल्ली हातात देतानाच मावशीने बजावलं होतं, "कुणी विचारलंच तर तू माझी भाची, बहिणीची मुलगी. करार-बिरार नको. कर भरून सरकारला कशाला पोसायचं?" शहरात सगळेच असं करतात, त्यामुळे नेवेनाला त्यात काही वावगं वाटलं नाही. महिन्याच्या एक तारखेला भाडं रोख, हातावर.

पण सहा वर्षं एकच खोटं बोललं की माणूस त्यात राहायला लागतो. नेवेनाला आईबाप नव्हते. ती आजारी पडली की मावशी कोंबडीचं सूप घेऊन वर यायची, ईस्टरला लाल अंडी द्यायची, "वाळलीस गं" म्हणून ओरडायची. आधी तोंडदेखलं 'मावशी' म्हणणारी नेवेना पुढे मनापासून म्हणायला लागली. इथेच चुकलं बिचारीचं.

नेवेना लोकनृत्याचे पोशाख शिवायची. बंद पडलेल्या कारखान्यातून घेतलेलं जुनं, दणकट शिलाई मशीन बाल्कनीलगतच्या खोलीत होतं, आणि एका नृत्यमंडळाचे पोशाख, भरतकाम पूर्ण झालेले, तिथेच टांगलेले होते. कापड मंडळाने दिलेलं. ते पोशाख आणि ते मशीन, एवढाच तिचा संसार.

त्या शनिवारी ती दोरा आणायला बाजारात गेली होती. मावशीने भट्टी लावली. लांब वायर रिळावर गुंडाळलेली तशीच ठेवली, कारण सोडायचा कंटाळा. मग "आत्ता येते" असं स्वतःशीच म्हणत खाली बाकावर गप्पा मारायला गेली. तिच्या 'आत्ता'त वायर तापली, वितळली आणि पडद्याला लागली. नेवेना परत आली तेव्हा अग्निशामकवाले पाइप गुंडाळत होते. बाल्कनी गेली, शिलाईची खोली गेली, आणि वरच्या गेंचोकाकांच्या नव्याकोऱ्या खिडक्या तडकून काळ्या पडल्या.

"रडू नकोस," मावशी म्हणाली. "विमा आहे माझा. माझ्या हातून कुणाचं नुकसान झालं तर कंपनी भरून देते. कलम आहे तसं."

नेवेनाने डोळे पुसले. मशीन मिळालं की रात्रंदिवस बसून पोशाख पुन्हा शिवू, असा हिशेब तिने लगेच मनात मांडला.

मंगळवारी कंपनीचा तपासनीस आला. कामेनोव नाव, तरुण, बोलायला गोड. त्याने भिंती पाहिल्या, वर जाऊन खिडक्या पाहिल्या, आणि स्वयंपाकघरात सगळ्यांसमोर म्हणाला, "वायर तशीच ठेवली ही चूक मालकीणबाईंची. घराची डागडुजी मिळेल. वरच्या खिडक्याही मिळतील. हे मशीन आणि कपडे कुणाचे?"

"माझे," नेवेना म्हणाली.

"आपण कोण?"

नेवेनाने तोंड उघडायच्या आत मावशी बोलली, "माझी भाची."

कामेनोवने पेन खाली ठेवलं. "मग अवघड आहे. दुसऱ्याचं नुकसान झालं तर आम्ही देतो. घरच्या माणसाचं नाही."

नेवेनाने मावशीकडे पाहिलं. मावशी खिडकीबाहेर बघत होती.

"साहेब, मी भाची नाही," नेवेना म्हणाली. "मी भाडेकरू आहे. दर महिन्याला रोख भाडं देते."

"भाडेकरू?" कामेनोवच्या भुवया वर गेल्या. "इथे घरचीच माणसं राहतात असं लिहून दिलंय पॉलिसीत. भाडेकरू असेल तर पॉलिसीच बाद. मग कुणालाच काही नाही, वरच्या खिडक्यांनाही नाही."

इतका वेळ भिंतीला टेकून जांभया देणारे गेंचोकाका ताडकन सरळ झाले. "भाडेकरू कसली! लहानपणापासून बघतोय मी हिला. आग बघून डोकं फिरलंय पोरीचं. चला साहेब, तुम्हाला दाखवतो."

लहानपणापासून! नेवेना या इमारतीत आली तेव्हा तिशीची होती, आणि तिचं सामान वर चढवायला याच काकांनी हात लावला होता. वर त्याबद्दल तिच्याकडून पॅन्ट आखूड करून घेतली होती, फुकट.

काका सगळ्यांना इमारतीच्या दारापाशी घेऊन गेले. तिथे मेलेल्या माणसांची पत्रकं चिकटवलेली होती, वर्षश्राद्धाला घरचे लावतात ती, फोटोसकट. त्यात मावशीच्या नवऱ्याचंही होतं. खाली छापलेलं: 'शोकाकुल: पत्नी पेत्राना, मुलगा आणि भाची नेवेना.' शेजारच्या जिन्यातल्या एका बाईला चोरून भाडेकरू ठेवल्याबद्दल करवाल्यांनी पकडलं, त्या वर्षापासून मावशीने ही ओळ घालायला सुरुवात केली होती. मेलेल्या नवऱ्यालाही कर चुकवायच्या कामाला लावलंन! पण नेवेनाला हे कुठे ठाऊक? स्वतःचं नाव वाचून ती रडली होती, आणि दरवर्षी ते पत्रक स्वतःच्या हाताने दारावर चिकटवत होती.

कामेनोवने पत्रकाचा फोटो काढला. नेवेना भाचीच आहे अशा जबाबावर मावशीने सही केली, काकांनी साक्षीदार म्हणून केली. साहेब गाडीत बसून निघून गेले.

"रागावू नकोस गं," काका पुटपुटले. "तू खरं बोलून तुला तरी काय मिळालं असतं? सगळेच बुडालो असतो. थंडी तोंडावर आलीय."

"बरोबर आहे काका. ज्याचं जळतं त्यालाच कळतं," नेवेना म्हणाली.

काका मान खाली घालून लिफ्टमध्ये शिरले.

थोड्या वेळाने मावशी वर आली. हातात बशी, बशीत सोललेल्या मिरच्या, वर लसूण आणि तेल. "खा. आपलेच दात आणि आपलेच ओठ, काय करणार? आपल्या माणसांत हिशेब करायचे नसतात." मग दारापर्यंत जाऊन वळली. "आणि हे बघ, भाडं या वेळी एक तारखेला नाही दिलंस तरी चालेल. पाच-सहापर्यंत दे."

नेवेनाला हसूच आलं, आणि ते तिला आवरेना.

"मावशी, भाची भाडं देते होय?"

"अगं, ते कंपनीपुरतं!"

"कंपनीपुरतं कसं? सही केलीत. दारावर छापलंत. आता भाची राहणार, फुकट राहणार. काढा बघू बाहेर! मी त्या साहेबांना फोन करते आणि सगळ्या महिन्यांचा हिशेब सांगते."

मावशीचा चेहरा पांढरा पडला. "सहा वर्षं पोटच्या पोरीसारखं केलं तुझं! आणि धमकी देतेस? कृतघ्न मेली!"

"पोटच्या पोरीचं मशीन जाळून तिच्याकडे भाडं मागितलं असतंत?"

मावशीने टेबलावरची मिरच्यांची बशी उचलली आणि ती घेऊन खाली गेली.

संध्याकाळी नृत्यमंडळाच्या बाईंचा फोन आला. आगीचं कुणाकडून तरी कळलं होतं त्यांना. "अरेरे! पण घराचा विमा होता ना?"

"होता. मावशीचा."

"मग काय! घरच्याच माणसाचा विमा, कसली काळजी करतेस?"

नेवेना काळ्या पडलेल्या भिंतीकडे बघत राहिली. "कापडाचे पैसे मी हप्त्याने फेडीन," ती म्हणाली आणि फोन ठेवला. सोमवारपासून ती गावाबाहेरच्या कारखान्यात, दुसऱ्याच्या मशीनवर, शर्टांच्या कॉलरी शिवायला जाऊ लागली.