चौदा पॉइंट दोन

टेस्टरने त्या गाडीपुढे जवळजवळ हात टेकले होते. टेस्टर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. शर्टाच्या खिशाला कायम टेस्टर अडकवलेला, म्हणून बाजारातल्या लोकांनी ते नाव चिकटवलं आणि आता त्याची बायकोसुद्धा फोनवर तसंच म्हणायची. अठ्ठावीस वर्षं तो गाड्यांच्या वायरिंगची कामं करत होता. आधी मोजायचं, मग हात लावायचा, हा त्याचा नेम. न मोजता पार्ट बदलणाऱ्या मेकॅनिकांविषयीचं त्याचं मत चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. आणि गेल्या दोन महिन्यांत या एका गाडीत त्याने बॅटरी बदलली होती, पट्टा बदलला होता, बॅटरी भरणारा अल्टरनेटर उघडून आतले कार्बन बदलले होते. थोडक्यात, ज्यांना तो नावं ठेवायचा त्यांच्याच पंगतीला जाऊन बसला होता.

गाडी तिशीला आलेली, फिकट निळी, त्याच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची, म्हणजे दाजींची. दुखणं एकच. चार्ज करून दिली की तीन-चार दिवस गुण्यागोविंदाने चालायची आणि मग एखाद्या सकाळी किल्ली फिरवली की टक् असा आवाज करून गप्प. दुसरं कुणी गिऱ्हाईक असतं तर टेस्टरने ‘आता विका’ म्हणून अंग काढून घेतलं असतं. पण ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. आठवड्यातून तीनदा तिला व्यायामासाठी हॉस्पिटलात न्यावं लागे, आणि खाडे झाले तर गुडघा कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गाडीपायी दोन खाडे झालेच होते. एकदा तर व्यायाम उरकून निघताना गाडी हॉस्पिटलच्या फाटकातच बसली आणि ताई पाऊण तास काठीवर भार टाकून उन्हात उभी राहिली. पुढचा व्यायाम सोमवारी होता. आज शनिवार, दुपारचे तीन वाजले होते.

दुकान म्हणजे पत्र्याखालची एक लांबट खोली. एका भिंतीला वायरींची भेंडोळी, दुसऱ्या भिंतीला एक काळी पाटी, तिच्यावर टेस्टरने खडूने लिहून ठेवलेले आकडे. बंद गाडीची बॅटरी बारा पॉइंट सहा. चालू गाडीची चौदाच्या आसपास. चालू गाडीत आकडा बारावरच राहिला, तर अल्टरनेटर बॅटरीत काही भरत नाही, गाडी नुसतीच साठवलेलं खाते आहे. शाळकरी पोरालाही कळेल इतकं हे सोपं होतं, आणि म्हणूनच टेस्टर जास्त चिडला होता.

ताई दारातल्या सावलीत खुर्चीवर बसली होती, पाय समोरच्या खोक्यावर ताणलेला. दाजी गाडीत, ड्रायव्हरच्या सीटवर. त्या सीटवर दुसऱ्या कुणी बसलेलं त्यांना खपत नसे. तीस वर्षं त्यांनी ड्रायव्हिंग स्कूल चालवलं होतं. अख्ख्या गावाला गाडी शिकवली, टेस्टरलाही त्यांनीच शिकवली, पण सगळी तीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून, पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून. तेव्हा स्वतःच्या गाडीत तरी स्टिअरिंग आपल्याच हातात राहील, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. टेस्टरही कधी त्यांना उठवायला गेला नाही. त्याच्या कामाची रीतच अशी होती, की त्याला दोन माणसं लागायची. मीटरच्या लांब वायरी बॉनेटमधून काढून खिडकीतून आत सोडायच्या आणि मीटर दाजींच्या मांडीवर द्यायचं. बाहेर टेस्टर पट्ट्यावर नजर आणि अल्टरनेटरकडे कान ठेवून उभा. आत दाजी किल्ली फिरवणार, वेग कमीजास्त करणार आणि आकडा मोठ्याने सांगणार. रीत दाजींनीच घालून दिली होती. टेस्टरने दुकान टाकलं तेव्हा हाताखाली माणूस नव्हता, तर हेच संध्याकाळी येऊन बसायचे.

“दिवा?” टेस्टरने बॉनेटमागून विचारलं.

“लागला,” दाजी म्हणाले. किल्ली फिरवली की डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झालं की विझला पाहिजे. इंजिन सुरू झालं. “विझला.”

“आकडा?”

“चौदा पॉइंट दोन.”

दोन महिने हेच चाललं होतं. दिवा लागतो, विझतो, चौदा पॉइंट दोन. म्हणजे अल्टरनेटर चोख. मग गाडी बंद असताना बॅटरी कोण पितं, म्हणून टेस्टरने तेही मोजून पाहिलं होतं. एकेक फ्यूज उपटून, डिकीतला दिवा, रेडिओ, हॉर्न, सगळ्यांची झडती घेऊन. कुठेच पाणी मुरत नव्हतं. भरणारा इमानदार, पिणारा कुणी नाही आणि टाकी मात्र रिकामी. असल्या हिशोबाने माणसाची झोप उडते.

“जरा रेस करा,” तो म्हणाला आणि पट्ट्याचा ताण बघायला वाकला. वाकताना त्याच्या कोपराचा धक्का लागला आणि बॅटरीला लावलेली मीटरची लाल क्लिप निसटली. ती त्याने वरच्या वर पकडली. आता लावणार, तेवढ्यात आतून आवाज आला.

“चौदा पॉइंट दोन.”

टेस्टरने हातातल्या क्लिपकडे पाहिलं. तिच्या दातात नुसती हवा होती. दाजी थट्टा करतायत असं त्याला आधी वाटलं. पण दाजी थट्टा करायचे ती रात्रीच्या जेवणानंतर, गाडीत कधीच नाही.

“पुन्हा सांगा,” तो म्हणाला.

“चौदा दोन. पक्कं.”

टेस्टर क्लिप हातात धरूनच गाडीच्या दारापाशी आला. मीटर दाजींच्या मांडीवर होतं आणि त्यावर बोटभर उंचीचे आकडे शून्याच्या आगेमागे भिरभिरत होते. दाजींची मान मीटरकडेच होती, फक्त जराशी तिरकी, कडेने बघावं तशी. गेले काही महिने ते टीव्हीही असाच बघत. मान आखडली असेल, म्हणून टेस्टरने तिकडे लक्ष दिलं नव्हतं. पेपर वाचायचा त्यांनी सोडला होता, त्याचंही कारण त्यांनी ‘बातम्यांचा वीट आला’ असं दिलं होतं आणि ते सगळ्यांना पटलं होतं.

“दाजी, वायर माझ्या हातात आहे.”

दाजींनी मीटर मांडीवर सरळ केलं. मग म्हणाले, “मग बॅटरीला लाव.”

“आकडा कुठून आला?”

“तू एवढं सगळं नवं बसवलंयस. चौदा दोनच असणार.” त्यांनी इंजिन बंद केलं. “तुझ्या पाटीवर तेच तर आहे.”

दुकानाच्या दारातून काठीचा आवाज झाला. ताई उठली होती.

“त्यांना काय विचारतोस, मला विचार,” ती म्हणाली. “आठ महिने झाले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय, मधलं गेलं, ते परत यायचं नाही. कडेकडेचं दिसतं. माझ्याकडे बघतात तेव्हा माझे कान दिसतात म्हणे.”

“कान बरे आहेत,” दाजी म्हणाले.

टेस्टरच्या डोळ्यांपुढे हॉस्पिटलचा रस्ता उभा राहिला. दोन चौक, एक शाळा, शाळेसमोरचे पांढरे पट्टे. आठवड्यातून तीनदा, जाऊन येऊन. त्याला राग आला. ताईशी आवाज चढवून बोलायची त्याची प्राज्ञा नव्हती. आज तो बोलला.

“आणि तू शेजारी बसून जातेस? तुम्हा दोघांना काही वाटतं का?”

“मी नुसती बसत नाही,” ताई म्हणाली. “मी सांगते. डावीकडे सायकल, पुढे ट्रक थांबलाय, लाल लागला, हिरवा लागला. मी सांगते, ते चालवतात. आठ महिन्यांत साधा ओरखडा नाही. गुडघा बरा होईपर्यंत चालवायचं, मग किल्ली खाली ठेवायची, असं ठरलंय आमचं. रिक्षात माझा पाय दुमडत नाही, तुला दुकान सोडवत नाही. मग कुणी न्यायचं होतं?”

“मला विचारलं होतंस?”

“विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं,” ताई म्हणाली आणि तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. “यांना ते नको होतं. अख्ख्या गावाला गाडी शिकवली या माणसाने.”

टेस्टरचा राग निम्मा उतरला. उरलेला उतरू द्यायचा नाही, हे मात्र त्याने ठरवलं. तो गाडीच्या दाराला टेकला आणि हळू बोलला. “ताई, दोन महिने मीही त्यांनी सांगितलं ते ऐकून काम केलं. मलाही सगळं बरोबरच वाटत होतं.”

ताई काठीच्या मुठीकडे बघत उभी राहिली.

“दाजी, जरा उतरा,” टेस्टर म्हणाला.

इतक्या वर्षांत हे वाक्य दाजींना कुणी म्हटलं नव्हतं. ते लगेच उतरले नाहीत. स्टिअरिंगवरून एकदा हात फिरवला, मांडीवरचं मीटर उचलून शेजारच्या सीटवर ठेवलं, मग दार धरून उतरले आणि ताईच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसले. बसताना खुर्ची चाचपली नाही. ती कडेने दिसली असणार.

टेस्टर त्या सीटवर पहिल्यांदाच बसला. सीट दाजींच्या बेताने खोल गेली होती. त्याने किल्ली अर्धी फिरवली. तेलाचा दिवा लागला. हातब्रेकचा लागला. बॅटरीचा लाल दिवा लागला नाही. त्याने किल्ली मागे घेतली, पुन्हा फिरवली. नाही लागला.

मग सगळा उलगडा झाला आणि तो इतका साधा होता, की टेस्टरने स्वतःच्या कपाळावर हात मारला. या जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला जागं व्हायला आधी बॅटरीकडून घोटभर करंट लागतो. तो करंट त्या लाल दिव्यातूनच जातो. दिवाच गेला, तर अल्टरनेटर हळू वेगात झोपून राहतो. मोकळ्या रस्त्यावर जोरात पळवली तर आपसूक जागा होतो, गावातल्या गर्दीत नाही. म्हणून तीन-चार दिवस, आणि म्हणून गाडीतून काढून बाकावर तपासला की चोख. करंगळीच्या नखाएवढा बल्ब. किल्ली फिरवताना जो कुणी समोर बघेल त्याला पहिल्याच दिवशी कळलं असतं.

त्याने क्लिप लावली, गाडी सुरू केली आणि मीटर स्वतः वाचलं. बारा पॉइंट तीन. डॅशबोर्डचे चार स्क्रू काढून त्याने काजळी धरलेला बल्ब बाहेर काढला आणि दुसरा बसवला. सगळं मिळून वीस मिनिटं. या वेळी किल्ली फिरवली तेव्हा लाल दिवा लागला. इंजिन सुरू झालं तेव्हा विझला.

“किती?” दाजींनी खुर्चीवरून विचारलं.

“चौदा एक.”

“जवळच होतो,” दाजी म्हणाले. मग थोड्या वेळाने, “तू म्हणतोस म्हणजे असेल.”

टेस्टरने बॉनेट खाली घेतलं. हात पुसत पुसत त्याने सांगून टाकलं, की सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी सकाळी तो येईल आणि गाडी तो चालवेल. दुकान दहाऐवजी अकराला उघडेल. लोक थांबतील, नाही थांबले तर जातील. ताई दाजींकडे बघत होती. तिला वाटत होतं तसा आरडाओरडा काही झाला नाही.

“किल्ली गाडीतच आहे,” दाजी म्हणाले. “ठेव तुझ्याकडे. घरी दिसली तर हात जाईल.”

निघताना ताई शेजारच्या सीटवर बसली, पाय लांब करून, रोजच्यासारखी. दाजी सवयीने ड्रायव्हरच्या दाराशी गेले. हात कडीवर पडला, तिथेच थोडा राहिला. मग त्यांनी मागचं दार उघडलं. टेस्टर मुद्दाम खिडकीच्या काचा पुसत बसला.

गाडी रस्त्याला लागली. मग ताई म्हणाली, “डावीकडे सायकल.” आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं असावं, कारण ती लगेच खिडकीबाहेर बघायला लागली. पण पुढच्या चौकात तिच्या तोंडून पुन्हा निघालंच. “लाल.”

टेस्टरला तो दिवा केव्हाचा दिसत होता. तरी तो “बरं” म्हणाला. त्याने ब्रेक दाबायच्या क्षणभर आधी त्याच्या सीटखाली काहीतरी जोरात टेकलं. मागे दाजींचा उजवा पाय होता, जादा ब्रेक जिथे असायचा तिथे दाबलेला. गाडी थांबेपर्यंत तो तसाच दाबलेला राहिला.

त्यानंतर घरापर्यंत चार सिग्नल लागले. चारही वेळा टेस्टरने ताईच्या ‘लाल’ची वाट पाहिली आणि तिने म्हणताक्षणी ब्रेक दाबला, म्हणजे दाजींचा पाय आणि गाडीचा ब्रेक एकाच वेळी दाबले जातील. शेवटच्या सिग्नलला ते अगदी बरोबर जमलं, आणि मागून दाजींनी सोडलेला श्वास त्याला ऐकू आला.